न दुखणारी कावीळ

येसूच्या दुसऱ्या बाळंतपणाची ही गोष्ट. महाराष्ट्र राज्य होऊन वर्ष उलटलं होतं. मी आमच्या कोळीवाड्यातल्या सरकारी दवाखान्यात नर्स होते. दवाखाना म्हणजे दोन खोल्या. डॉक्टर मंगळवारच्या मंगळवारी यायचे, बाकीचे दिवस मीच.

सकाळी दहाचा सुमार होता. येसूच्या कळा जोरात आल्या होत्या. मी तिच्या पायाशी बसून "आता दम घे, आता जोर कर" असं नेहमीचं सांगत होते. एका कळेच्या शेवटी तिने डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि माझं मनगट घट्ट धरलं.

"बाय, तुजे डोले पिवले!"

"माझे डोळे राहू देत गो. तू जोर कर."

थोड्या वेळात मुलगी झाली. चांगली रडली. सगळे मुलीकडे बघत होते आणि येसू मात्र माझ्याकडे. हात धुताना मी भिंतीवरच्या आरशात पाहिलं. डोळ्यांचा पांढरा भाग हळदीच्या पाण्यात बुडवून काढावा तसा झाला होता.

कावीळ मी पुष्कळ पाहिली होती. तिला मी घाबरले नाही. दुखत तर काहीच नव्हतं.

हे सगळं मी आज का लिहिते आहे, ते आधी सांगते. दवाखान्यात येणाऱ्या बायका अजून विचारतात, "बाय, तुला नक्की काय झाला होता?" मी प्रत्येकीला निरनिराळा तुकडा सांगते. एकदा पूर्ण सांगावं, आणि माझ्या चुकांसकट सांगावं, असं मनात होतं.

आधीचे दिवस

येसूने डोळे पाहिले, पण शरीर त्याच्या आधीपासून सांगत होतं. गणपतीपासून माझी पोलकी सैल व्हायला लागली होती. मी बाजूच्या शिवणी दोनदा आत घेतल्या आणि बरंच झालं म्हटलं, तिशी उलटल्यावर अंग सुटलं होतं. मग जेवणावरची वासना गेली. कोळ्याच्या घरात जन्मले, कोळ्याच्या घरात दिले गेले, आणि मला सुक्या बोंबलाचा वास नकोसा झाला. सासूबाईंना संशय आला तो वेगळाच. त्या दोन दिवस माझ्याकडे बघून गालात हसत होत्या.

छातीच्या खाली, पोटाच्या मधोमध, जेवल्यावर काहीतरी जड बसायचं. ते दुखणं नव्हे, ओझं होतं. ते पाठीत जायचं. पुढे वाकून बसलं की हलकं वाटायचं, म्हणून मी वाकून बसायची. थोरली मुलगी मंजुळा एकदा म्हणाली, "आये, तू म्हातारीवानी बसतेस."

मंगळवारी डॉक्टर आले की आठवड्याच्या रोग्यांची यादी मीच त्यांना वाचून दाखवायची. त्या यादीत माझं नाव मी कधी घातलं नाही. दुसऱ्या कुठल्या बाईने हेच सांगितलं असतं, तर मी तिला हात धरून खुर्चीत बसवलं असतं. आपल्याला औषधांची नावं माहीत असली की आजार आपल्या वाटेला जात नाही, असं आतून कुठेतरी वाटत असतं. तो गर्व मला भोवला.

माळ

सासूबाईंनी माझे पिवळे डोळे बघितले आणि संध्याकाळच्या आत कावीळ उतरवणारा म्हातारा घरात आणला. शेजारच्या वाडीतला. शांत, स्वच्छ, हाताला कंप असलेला. त्याने कसल्याशा मुळीचे बारीक तुकडे दोऱ्यात गुंफून माळ केली आणि माझ्या डोक्यावर ठेवली. ती माळ रोज वाढत जाते, डोक्यावरून गळ्यात उतरते, गळ्यातून पोटापर्यंत येते, आणि तिच्याबरोबर कावीळही उतरते, असं मानतात.

मी शिकलेली नर्स. नको म्हणायला हवं होतं. पण सासूबाईंच्या चेहऱ्यावर इतकी काळजी होती की मान पुढे केली. खरं सांगायचं तर मलाही ते सोपं वाटलं.

त्या म्हाताऱ्याला मी लबाड म्हणणार नाही. साधी कावीळ बहुतेकांची पथ्याने, विश्रांतीने आपोआप जाते, आणि श्रेय माळेला मिळतं. त्याने आयुष्यभर माणसं बरी होताना पाहिली होती, त्याचा विश्वास का बसू नये? पण माझी कावीळ साधी नव्हती. माळ गळ्यात आली, छातीवर आली, बेंबीला टेकली आणि मी आणखी पिवळी झाले. पिवळी कसली, शेवटी शेवटी हिरवट. साधी कावीळ चढते आणि उतरते. ही नुसती चढतच होती.

आणखी दोन गोष्टी होत्या, त्या मी कुणाला सांगितल्या नाहीत. लघवी कोऱ्या चहासारखी होत होती आणि शौचाचा रंग गेला होता. शाडूच्या मातीसारखा फिकट, पांढरट. लाज वाटते म्हणून आपण हे बोलत नाही. मीसुद्धा बोलले नाही. आज लिहिते, कारण त्या लाजेपायी माझे तीन आठवडे गेले.

मग खाज सुरू झाली. बाहेर पुरळ नाही, काही नाही, आणि आतून तळव्यांपासून डोक्यापर्यंत खाज. मी कंगव्याने खाजवलं, नारळाच्या काथ्याने खाजवलं. माझा नवरा दत्ताराम मचव्यावर तांडेल, म्हणजे मासेमारीची होडी हाकणारा. तोंडाने त्यांचं नाव मी कधी घेतलं नाही, कागदावर घेते. एके सकाळी ते समुद्रावरून आले आणि वाळत घातलेली चादर बघून थांबले. तिच्यावर रक्ताचे बारीक ओरखडे होते.

"हे काय?"

"खाजवताना लागलं."

त्यांनी माझी बाही वर केली. दंड बघितला. मग घरातली कात्री आणली आणि माळ कापली. सासूबाई ओरडल्या, "अरं, अपशकून! माल कापू नये!"

"आय, एक म्हयना झाला. आता अलिबागेला जायाचा."

हंगाम ऐन भरात होता. मचव्यात त्यांच्या भावाचीही पाती, म्हणजे हिस्सा, होता. भाऊ म्हणाला, चार दिवस थांब, एवढा मासा लागलाय. दत्तारामांनी सुकाणू त्याच्या ताब्यात दिलं आणि आम्ही एस.टी.त बसलो. त्या भांडणाची गाठ दोन्ही घरांत पुढे वर्षभर सुटली नाही.

"दुखलं असतं तर"

अलिबागच्या दवाखान्यातले डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी जीभ, डोळे, नखं बघितली. मग उजव्या बरगडीखाली बोटं ठेवून मला श्वास घ्यायला सांगितला. त्यांच्या बोटांखाली काहीतरी गुळगुळीत, लिंबाएवढं सरकलं. मलाही ते जाणवलं.

"दुखतंय?"

"नाही."

"जरासुद्धा?"

"नाही, डॉक्टर."

ते खुर्चीत बसले. "बाई, दुखलं असतं तर मला बरं वाटलं असतं."

मी नर्स होते, तरी हे मला ठाऊक नव्हतं. त्यांनी समजावलं. पित्ताच्या वाटेत खडा अडकला तर माणूस बहुधा कळांनी लोळतो, ताप येतो, थंडी भरते. तीही दवाखान्यातच यायची गोष्ट. पण काही न दुखता कावीळ चढत जाते, वजन उतरतं, शौच पांढरं होतं, अंगाला खाज सुटते, तेव्हा पित्ताची वाट कुणीतरी हळूहळू दाबत आणलेली असते. कोण दाबतं आहे ते पोट उघडल्याशिवाय कळणार नाही. मुंबईला जा. उद्याच जा.

त्यांनी चिठ्ठी लिहून पाकीट बंद केलं. रेवसच्या धक्क्यावर लाँचची वाट बघताना मी ते उघडलं. इंग्रजी मला जेमतेम वाचता यायचं, पण एक शब्द ओळखता आला. त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह होतं. वाटभर मी त्या प्रश्नचिन्हाला धरून बसले.

निदानाचा दिवस

मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात आठ दिवस तपासण्या झाल्या. नवव्या दिवशी सर्जन आले, माझ्याकडे बघून मान हलवली आणि दत्तारामांना बाहेर बोलावलं. तेव्हाची पद्धतच ती होती. रोग्याला सांगायचं नाही, नवऱ्याला सांगायचं.

दत्ताराम परत आले तेव्हा त्यांनी माझ्या पलंगावरची चादर झाडली, पाण्याचा तांब्या इकडचा तिकडे ठेवला, उशी थोपटली. वादळात मचवा आणणारा माणूस, त्याला खोटं बोलता येत नव्हतं.

"काय म्हणाले?"

"गाठ हाय म्हनले. ल्हान हाय."

"कसली?"

"आता गाठ म्हंजे गाठ."

"कर्करोगाची?"

त्यांनी तांब्या परत पहिल्या जागी ठेवला. त्यांच्या पायांना अजून आमच्या किनाऱ्याची रेती होती की माझा भास होता, कोण जाणे. मी म्हटलं, "मी दुसऱ्यांच्या घरी अशा बातम्या सांगते. मला माझी सांगा."

"व्हय," ते म्हणाले. आणि मग त्या भरलेल्या वॉर्डात, सगळ्यांसमोर, माझा हात धरून बसले. लग्नाला चौदा वर्षं झाली होती. चारचौघांत त्यांनी माझा हात तोवर कधी धरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी सर्जनना म्हटलं, मला नीट सांगा, मी नर्स आहे. त्यांनी माझ्या पलंगावर बसून बोटाने चादरीवर चित्र काढलं. जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला टेकून स्वादुपिंड असतं. अन्न पचवणारा रस आणि रक्तातली साखर, दोन्ही कामं त्याची. त्याच्या डोक्याकडून पित्ताची नळी जाते. तुमची गाठ तिथेच, नळीच्या तोंडाशी असावी. तिने नळी दाबली, म्हणून तुम्ही पिवळ्या झालात.

"तुम्ही पिवळ्या झालात, हे तुमचं नशीब," ते म्हणाले. "हीच गाठ शेपटाकडे असती तर तिने काहीच कळू दिलं नसतं."

शस्त्रक्रिया दोन होणार होत्या. पहिली पित्ताला नवी वाट करून देण्याची, म्हणजे कावीळ उतरेल आणि अंगात थोडी ताकद येईल. दुसरी गाठ काढण्याची. दुसरी फार मोठी होती. ती सोसली नाही तर टेबलावरच सगळं संपेल, आणि पोट उघडल्यावर गाठ पसरलेली दिसली तर तसंच शिवून टाकावं लागेल. त्यांनी काही लपवलं नाही. त्या माणसाचे मी अजून उपकार मानते.

खतिजाबी

माझ्या शेजारच्या पलंगावर म्हसळ्याची खतिजाबी होती. पन्नाशीची, गोरी, वाळून काटकी झालेली. तिला कावीळ नव्हती. तिचं दुखणं पाठीचं होतं. वर्षभर पाठ दुखत होती. घरच्यांनी तेल चोळलं, शेक दिला, ताईत बांधला. मग भूक गेली, वजन गेलं. मग एकाएकी मधुमेह निघाला. तिच्या घराण्यात कुणाला नव्हता, तिला गोडाची आवडही नव्हती, आणि तिने लघवी केलेल्या जागी मुंग्या लागायला लागल्या. तरी सगळे म्हणाले, वय झालं. तिची गाठ स्वादुपिंडाच्या शेपटाकडे होती. ती सापडली तेव्हा यकृतापर्यंत पोचली होती. तिला कापणार नव्हते.

तिला हे माहीत होतं. तरी सकाळी पहिली चौकशी तिची असायची. "काय गो कोळीण, खाज कमी हाय का आज?" मला खाज असह्य झाली की ती ओल्या फडक्याने माझी पाठ पुसायची, आणि तिला कळ आली की मी तिच्या पोटाशी उशी देऊन तिला पुढे वाकवून बसवायची. त्या वाकण्याची युक्ती मला आधीपासून येत होती. वॉर्डातल्या नर्सला वाटायचं आम्ही नात्यातल्या आहोत.

एक दिवस तिचा मुलगा तिला न्यायला आला. जाताना ती म्हणाली, "तू बरी झालीस तर बायांना सांग. पाठ दुखली की नुसता तेल चोळीत बसू नका. आणि भूक मेली, अंग उतरला, साखर निघाली, असा सगला एकदम झाला की वय झाला म्हनू नका."

"तुम्हीच सांगा ना घरी जाऊन."

ती हसली. "मी सांगेन दोन दिवस. तू पुष्कल दिवस सांग."

पुढे कळलं, ती महिन्याभरात गेली. घरी गेली, आपल्या माणसांत गेली. मी तिचं सांगणं आजवर चुकवलेलं नाही.

दोन वेळा

पहिल्या शस्त्रक्रियेनंतर चौथ्या दिवशी मी जागी झाले आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. खाज नव्हती. मी तशीच पडून राहिले, हलले तर ती परत येईल म्हणून. मग हळूच रडले. पुढल्या आठवड्यात शौचाला रंग आला. दत्ताराम माझगावात माझ्या भावाकडे उतरले होते, दुपारच्या भेटीला आले. मी लांबूनच सांगितलं, "रंग आला!" शेजारपाजारच्या बायकांना काय कळायचं ते कळलं. ते लाजले, आणि जाऊन वॉर्डातल्या सगळ्यांसाठी केळी घेऊन आले. असल्या गोष्टीची केळी वाटणारा नवरा दुसरा कुणी पाहिला नाही मी.

आता मी बरी दिसायला लागले, आणि तिथेच खरी अडचण झाली. गावाहून दीर आले, सासूबाईंचा निरोप घेऊन. पोरगी बरी झाली, कावीळ गेली, आता परत कापू देऊ नका. दोन मुली घरात वाट बघतात. दीर म्हणाले, "टेबलावर गेली तर पोरींना काय सांगशील?"

दत्ताराम म्हणाले, "आनि न कापता गेली तर?"

दोघांचे आवाज चढले. नर्सने दोघांना बाहेर काढलं. थोड्या वेळाने दत्ताराम एकटे आत आले आणि पलंगापाशी उभे राहिले. आमच्या घरात निर्णय पुरुष घ्यायचे. मचवा कधी लोटायचा, मुलीला शाळेत किती शिकवायचं, सगळे. ते म्हणाले, "माजं डोसकं चालत न्हाय. तुजा जीव हाय. तूच सांग."

मला भीती वाटत नव्हती असं नाही. पण मी त्यांना म्हटलं, "कावीळ गेली ती वाट काढून दिली म्हणून. गाठ आत बसलेलीच आहे. मला अर्धवट घरी नेऊ नका."

"बरा," ते म्हणाले. एवढंच. मग दाराशी जाऊन परत फिरले. "मी बाहेरच हाय. कितीबी येल लागला तरी."

सकाळी नेलं ते दुपार कलल्यावर बाहेर आणलं. गाठ नळीच्या तोंडाशीच होती, करवंदाएवढी, आणि पसरलेली नव्हती. हे मला तीन दिवसांनी समजलं, कारण ते तीन दिवस मी या जगात धड नव्हतेच. मग जखमेत पू झाला, ताप आला, नळीतून रस झिरपत राहिला. दीड महिना मी पलंगावर होते. एके दिवशी दत्तारामांनी मला दोन्ही हातांवर उचलून व्हरांड्यात आणलं आणि उन्हात बसवलं. त्या उन्हाची ऊब मी खाऊसारखी खाल्ली.

घरी आले तेव्हा माझं वजन मंजुळापेक्षा फार जास्त नसेल. सासूबाई दारात होत्या. माळेवरून त्या माझ्याशी बोलतील की नाही, असं मला वाटत होतं. त्यांनी माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवला, डोळ्याची खालची पापणी ओढून नीट बघितलं आणि म्हणाल्या, "पांढरे हान." मग आत जाऊन पेज आणली आणि स्वतःच्या हाताने भरवली. त्यात त्यांनी मीठ घातलं नव्हतं. पथ्य अजून त्यांचंच चालू होतं. मी ती शेवटच्या घोटापर्यंत संपवली.

आता

या गोष्टीला सहा वर्षं होऊन गेली. मी थोडं थोडं, पाच-सहा वेळा खाते. तळलेलं सोसत नाही. साखर मागे लागली आहे, तिचं इंजेक्शन स्वतःच घेते. सर्जननी मला बजावून ठेवलं आहे की असं सगळ्यांचं होत नाही, बहुतेकांचं होत नाही. म्हणून कुणाला मी खोटी आशा दाखवत नाही. पण वेळेवर जा, हे सांगायचं मात्र मी सोडत नाही. कावीळ दिसली की मी लाज सोडून विचारते, शौचाचा रंग कसा आहे, खाज आहे का, पोलकं सैल झालंय का, पाठीत जातं का? एक कुठलं तरी लक्षण असलं तर घाबरू नका, पण दोन-तीन जुळून आली, दोन आठवड्यांत हटली नाहीत, तर माझ्याकडे या, डॉक्टरकडे जा, कुठेतरी दाखवा. आणि कावीळ असेल तर दोन आठवडेही थांबू नका.

गेल्या शिमग्याच्या आधी आमच्या वाड्यातला धर्मा पिवळा झाला. जाळी विणण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही, आणि हट्टीपणातही नाही. खाज, भूक नाही, पांढरं शौच. मधूनच पोटात चमक येते म्हणाला, पण थोडीच. मी त्याच्या बायकोला हाताशी धरलं, डॉक्टरांची चिठ्ठी घेतली आणि त्याला लाँचमध्ये बसवलं. तो वाटभर मला शिव्या देत होता. मी त्या मोजल्या नाहीत. माझं लक्ष त्याच्या डोळ्यांकडे होतं, आणि मनात काय काय येत होतं ते मी त्याच्या बायकोला कळू दिलं नाही.

धर्माच्या पोटात खडा निघाला. नुसता खडा. तो काढला आणि दोन आठवड्यांत तो टुणटुणीत झाला. परत आला तो थेट माझ्या दवाखान्यात. कागदाच्या पुडीतून त्याने तो खडा काढला, चिंचोक्याएवढा, आणि माझ्या टेबलावर आपटला.

"ह्यो बघ! हंगाम बुडवलास माजा. पोट कापवलास. एवढ्यासाठी मना मुंबय दाखवलीस?"

मी तो खडा हातात घेतला. धर्माचे डोळे शंखासारखे पांढरेशुभ्र होते आणि रागाने चमकत होते.

"हो रे धर्मा," मी म्हटलं, "एवढ्यासाठीच."